पापडीचा वेल : पेरणी, तोडणी आणि साठवण

पौष महिना लागून उत्तरायण जवळ येऊ लागले, की सुरतच्या भाजीबाजाराचा रंग पालटतो. जांभळ्या कंदांचे ढीग, कोवळी छोटी वांगी, लसणीची हिरवी पात आणि त्यांच्याशेजारी पाट्या भरभरून ठेवलेल्या हिरव्यागार शेंगा! या शेंगा म्हणजे सुरती पापडी. तिच्यावाचून उंधियू होत नाही, आणि उंधियूवाचून सुरतकरांची संक्रांत होत नाही. आपल्यापैकी पुष्कळांची घराणी जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून तापी-खोऱ्याच्या रेल्वेने इकडे आलेली आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरांतही ही पापडी आता परकी राहिलेली नाही. किंबहुना ती मुळीच परकी नव्हती. कारण पापडी ही वालाचीच शेंग आहे, आणि वाल, पावटा, घेवडा ही नावे आपल्या आजीच्या तोंडून आपण ऐकलेलीच आहेत.

नावांचा हा गोंधळ आरंभीच निस्तरला पाहिजे. वनस्पतिशास्त्रज्ञ या वेलास ‘लॅबलॅब पर्प्यूरिअस’ असे म्हणतात. लिनियसने १७५३ साली त्यास निराळ्या वंशात घातले होते. हल्लीचे नाव १८२६ सालापासूनचे आहे. संस्कृत ग्रंथांत त्याला ‘निष्पाव’ म्हटले आहे. गुजरातीत लांब, चपट्या शेंगेस वालोळ, आखूड व दाणेदार शेंगेस पापडी आणि सुक्या दाण्यास वाल म्हणतात. मराठीत तर गावोगावी अर्थ पालटतो. एका गावचा पावटा तो दुसऱ्या गावचा वाल. आणि ज्यास आपण श्रावणघेवडा म्हणतो, तो मुळी या कुळीतला असला तरी निराळाच, अमेरिका खंडातून आलेला पाहुणा आहे. ओळख पटवायची असेल तर नावाकडे न पाहता सुका दाणा हातात घ्यावा. त्याच्या कडेला नखाच्या कोरीसारखी एक ठसठशीत पांढरी शिवण दिसते. ती दिसली, की तो दाणा वालाचा, मग तो पांढरा असो, तांबूस असो वा काळा असो. दाण्याचा रंग फसवतो, ही शिवण फसवीत नाही.

हा वेल आपल्या देशात फार जुना आहे. त्याचे रानटी नातलग आफ्रिकेत आढळतात. परंतु कर्नाटकातील नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननांत इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील जळके दाणे सापडले आहेत. म्हणजे साडेतीन हजार वर्षांहूनही अधिक काळ कोणी ना कोणी दरवर्षी या वेलाचे बी जपून ठेवीत आले आहे. या वाक्यात ‘दरवर्षी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याकडे आपण पुढे वळूच.

सुरतेत पापडीसाठी नावाजलेले गाव म्हणजे कतारगाम. ‘कतारगामची पापडी’ असे म्हणताच जुन्या सुरतकराच्या तोंडाला पाणी सुटते. आज कतारगाम हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांचे ठिकाण झाले आहे, आणि जेथे वेल चढत तेथे मजल्यांवर मजले चढले आहेत. आपल्या गोडादऱ्याची कथाही याहून फार वेगळी नाही. हे एकेकाळी शहराबाहेरचे गाव होते. आता लिंबायत, डिंडोली यांच्याप्रमाणे तेही महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून त्याच्या काळ्या जमिनीवर सोसायट्यांच्या रांगा उभ्या आहेत. घर बांधणे वाईट असे कोणीही म्हणणार नाही. आपण सारे त्याच घरांत राहतो. परंतु शेत गेले म्हणजे त्या शेतातले बीही गेले, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एखाद्या गावची पापडी ही पुस्तकात टिपून ठेवता येत नाही. ती पेरली जाते तोवरच असते. म्हणून हा वेल कसा लावावा, केव्हा तोडावा आणि त्याचे बी कसे राखावे, हे गच्चीवर दोन पिंपे ठेवण्याइतकीच जागा असलेल्या आपणासारख्यांनीही शिकून घेण्याजोगे आहे.

पेरणीचा काळ म्हणजे आषाढाचा पहिला पंधरवडा, पहिला दमदार पाऊस पडून माती ओली झाल्यानंतर. जमिनीत लावणार असाल तर उंचवटा करून लावावे. सुरतेच्या काळ्या मातीत पावसाचे पाणी तुंबते, आणि वालाच्या वेलास तहान सोसते पण पाय पाण्यात बुडालेले सोसत नाहीत. मूळ एकदा खोल गेले म्हणजे हा वेल ओलीच्या आधारावर आठवडेच्या आठवडे तग धरतो. रायगड जिल्ह्यात तर भाताची कापणी झाल्यावर त्याच खाचरांत, उरलेल्या ओलीवर, वरचे पाणी न देता वालाचे पीक घेतात. गच्चीवर लावणार असाल तर पिंप वा पोते निदान दीड फूट खोल असावे, त्याच्या बुडाशी पाणी जाण्यास भोके असावीत, आणि मातीत एक तृतीयांश चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. बोटाच्या पहिल्या पेराएवढ्या खोलीवर तीन दाणे टोचावेत. पाच-सात दिवसांत दोन जाड दले माती ढकलून वर येतात. तीनही रोपे उगवली तर सशक्त असे एकच ठेवून बाकीची उपटावीत. हे काम मुलांच्या जिवावर येते, परंतु एका पिंपात तीन वेल ठेवले तर तिन्ही उपाशी राहतात.

वेल हातभर झाला म्हणजे त्यास आधार हवा. बांबूच्या चार काठ्या व सुतळीची जाळी एवढा मांडव पुरतो. आपल्या भागात साड्यांच्या कामातून उरलेल्या चिंध्यांच्या पट्ट्या घरोघरी मिळतात. त्या बांधायला उत्तम, कारण त्या कृत्रिम धाग्याच्या असल्यामुळे पावसाने कुजत नाहीत. मात्र गाठ सैल मारावी, नाहीतर खोड जाड होताच ती त्यात रुतते. वेलाचा शेंडा काठीभोवती कोणत्या दिशेने वळतो, उजवीकडून की डावीकडून, हे पाहून वहीत लिहून ठेवावे. मग तो मुद्दाम उलट गुंडाळून पाहावा. दुसऱ्या दिवशी वेल काय करतो हे येथे सांगून टाकण्यात मौज नाही.

खताविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पानांचा हिरवेपणा पाहण्याच्या हौसेने पुष्कळजण युरियाची मूठ टाकतात. त्याने पाने ताटलीएवढी होतात आणि शेंगा मात्र लागत नाहीत. वास्तविक या वेलास नत्र विकत देण्याचे कारणच नाही. पेरल्यापासून महिनाभराने उपटलेल्या एखाद्या रोपाची मुळे पाण्यात अलगद धुऊन पाहिली, तर त्यांवर मोहरीएवढ्या गाठी आढळतील. गाठ नखाने चिरली की ती आतून गुलाबी दिसते. आपल्या रक्तातील तांबड्या द्रव्याशी नाते सांगणारे एक द्रव्य त्या गाठीत असते, आणि तेथे राहणारे सूक्ष्म जिवाणू हवेतील नत्र पकडून वेलास देतात. वेल त्यांस त्याबद्दल साखर पुरवतो. शिंबावर्गी वनस्पतींचा हा व्यवहार हेलरीगेल व विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात उघडकीस आणला. गाठ आतून पांढुरकी वा हिरवट असेल तर जिवाणू काम करीत नाहीत असे समजावे. नवीन पिंपातील मातीत हे जिवाणू नसण्याचा संभव असतो. तेव्हा जेथे पूर्वी वाल, चवळी वा तूर झाली असेल अशा शेतातील ओंजळभर माती आणून मिसळावी.

आता या वेलाच्या स्वभावातील सर्वांत नवलाची गोष्ट. आषाढात लावलेला वेल श्रावण-भाद्रपदात मांडव झाकून टाकतो, पण फूल एक नाही. शेजारी विचारतात, “काय हो, वांझ वेल लावलात काय?” त्यांना सांगावे, की वेल वाट पाहतो आहे. कशाची? रात्र मोठी होण्याची. सुरत विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २१ अंशांवर आहे. येथे जूनच्या उत्तरार्धात दिवस जवळजवळ साडेतेरा तासांचा असतो आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात तो पावणेअकरा तासांच्या थोडासा वर राहतो. वालाच्या जुन्या जाती दिवस पुरेसा लहान झाल्यावाचून कळी धरीत नाहीत. गार्नर व अलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली हा नियम प्रथम स्पष्ट करून मांडला. त्यांनी सोयाबीन निरनिराळ्या तारखांना पेरले, तरी पुष्कळशी रोपे जवळजवळ एकाच सुमारास फुलली. आपणही हा प्रयोग करू शकतो. एक दाणा जूनअखेर लावावा आणि एक ऑगस्टच्या मध्यास. पहिला वेल मांडवभर पसरेल, दुसरा लहानच राहील, परंतु दोहोंच्या पहिल्या फुलांच्या तारखांत पेरणीइतके अंतर पडणार नाही.

येथे शहरवासीयांनी एक काळजी घ्यावी. वेल खरे पाहता दिवस मोजीत नाही, रात्र मोजतो. आणि रात्रीच्या मध्ये प्रकाश पडला तर त्याची मोजणी चुकते. रस्त्यावरील प्रखर दिवा मांडवावर रात्रभर झोत टाकीत असेल तर फुलोरा लांबतो. पिंप दिव्याच्या आड, पाण्याच्या टाकीमागे वगैरे ठेवणे बरे. वर्षभर शेंगा देणाऱ्या, दिवसाच्या लांबीची पर्वा न करणाऱ्या जातीही आता निघाल्या आहेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेल्या ‘अर्का जय’ व ‘अर्का विजय’ या त्यांपैकीच बुटक्या जाती होत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण भूषण’ ही भाजीच्या शेंगांची जातही आपल्याकडे परिचित आहे. त्या उपयोगी आहेत यात शंका नाही. परंतु थंडीची वाट पाहून मग फुलणाऱ्या जुन्या वेलाची गोडी निराळी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अर्थात् हा जिभेचा पक्षपातही असेल.

आश्विन सरता सरता पानांच्या वर तुरे निघतात. फुले पांढरी किंवा जांभळी असतात. मागची मोठी पाकळी ध्वजासारखी, बाजूच्या दोन पंखांसारख्या, आणि खालच्या दोन एकमेकींस चिकटून होडीसारख्या. त्या होडीत पुंकेसर व स्त्रीकेसर झाकलेले असतात. फूल बहुधा आपल्याच परागाने फळते. तथापि मधमाश्या होडी दाबून आत शिरतात आणि काही थोडा संकर घडवितात. म्हणून ज्यास आपल्या घरची जात शुद्ध राखायची असेल त्याने बियाणाच्या वेलाजवळ दुसऱ्या जातीचा वाल लावू नये.

याच वेळी कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाटीने बसतो. मुंग्यांची ये-जा वाढली, की मावा आला असे ओळखावे. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात. दोन-चार शेंड्यांवर असेल तर बोटांनी चिरडावा किंवा पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा. अधिक असेल तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, सायंकाळी फवारावी. तांबड्या पाठीवर काळे ठिपके असणारे ढालकिडे दिसले तर मात्र काहीही फवारू नये. ते व त्यांच्या अळ्या मावा खाऊन आपले काम फुकट करीत असतात. शेंग पोखरणारी अळी ही याहून वाईट. ती शेंगेस भोक पाडून आत दाणे खाते. भोके पडलेल्या शेंगा रोजच्या रोज तोडून नष्ट कराव्या, वेलावर ठेवू नयेत.

आता तोडणी. एकाच वेलावर तीन निरनिराळी पिके असतात, आणि ती ओळखून तोडणे यातच सारे कसब आहे. फूल उमलल्यापासून साधारणतः दोन-तीन आठवड्यांत शेंग कोवळी, लवचिक होते. मोडली की कट्कन आवाज होतो व कडेचा दोर सहज निघतो. ही झाली सालीसकट खाण्याची शेंग. वालोळ येथेच तोडतात. पापडीला मात्र आणखी थोडे दिवस द्यावे लागतात. शेंग हिरवीच, पण आत दाण्यांचे उंचवटे बोटास लागू लागलेले, अशी ती हवी. तिचे दोर काढून ती उभी उकलतात आणि सालीसकट शिजवितात. आणखी दहाएक दिवसांनी साल चिवट होते, दाणे टपोरे भरतात. हे दुसरे पीक, म्हणजे ओले दाणे. गुजराती शेजारणी त्यांस लीलवा म्हणतात. आणि शेंग वेलावरच वाळून गव्हाळ, कडक झाली म्हणजे तिसरे पीक, सुके वाल. या तिन्ही अवस्थांच्या मध्ये एक निरुपयोगी काळ असतो. साल खाता येत नाही आणि दाणाही पुरता सुकलेला नाही, अशी पिवळट शेंग बाजारात स्वस्त मिळते. ती स्वस्तच असते, एवढे सांगणे पुरे.

भाजीसाठी तोडणे सुरू केले म्हणजे दर चार-पाच दिवसांनी, सकाळी ऊन चढण्यापूर्वी तोडावे. एखादी जरी शेंग पिकू दिली तरी वेलाचे अन्न तिच्या बियांकडे वळते आणि नवा फुलोरा मंदावतो. शेंग ओढून काढू नये. वालाच्या तुऱ्याच्या दांड्यावर जाड पेरे असतात, आणि एकदा शेंगा निघाल्यावरही त्याच पेऱ्यांतून पुन्हा फुले येतात. दांडा तुटला तर पुढची सारी मिळकत गेली. लहान कात्री वापरावी. तोडताना बोटांस एक तेलकट, उग्र सुगंध लागतो. तो शेंगेच्या सालीवरील सूक्ष्म ग्रंथींचा. कर्नाटकात या वासास ‘सोगडु’ म्हणतात आणि अवरेच्या शेंगा त्यावरूनच पारखून घेतात.

तोडलेली शेंग मेलेली नसते. ती श्वास घेते, साठविलेली साखर जाळते, ऊब सोडते. म्हणूनच पोत्यात दाबून भरलेल्या शेंगांत हात घातला तर गरम लागतो आणि दुसऱ्या दिवशी त्या शेंगा गोडी हरवून बसतात. घरी आणताच शेंगा पसराव्या. साठविण्यापूर्वी धुऊ नयेत, कारण ओल्या सालीवर बुरशी लवकर धरते. सच्छिद्र कापडी पिशवीत, शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात, ५ ते ७ अंशांच्या थंडीत त्या आठवडाभर चांगल्या राहतात. त्याहून अधिक थंडी दिली तर सालीवर गंजासारखे डाग पडतात, कारण ही उष्ण प्रदेशाची वनस्पती आहे. शीतकपाट नसेल तर ओले फडके गुंडाळलेल्या टोपलीत, वारा खेळेल अशा सावलीत, दोन दिवस धरावे; तिसऱ्या दिवशी भाजी करून मोकळे व्हावे. वर्षभरासाठी ओले दाणे ठेवावयाचे असतील तर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे टाकून लगेच गार पाण्यात काढावे, निथळून कोरडे करावे आणि मग गोठवावे. हा चटका देणे वगळू नये. त्याने दाण्यातील जे पाचक रस रंग व चव बिघडवितात, ते निकामी होतात. गोठविलेली सुरती पापडी व लीलवा आज परदेशांतील भारतीय दुकानांतही पाकिटांतून विकली जाते.

पण खरी गंमत शेंगा ताज्या असताना उघड्यावर शिजविण्यात आहे. वलसाडकडे हिवाळ्यात मातीचे मडके कलारच्या पाल्याने भरून त्यात पापडी, कंद, रताळी घालतात, मडके उलटे ठेवतात आणि भोवती जाळ करतात, हे उंबाडियुं. तिकडे रायगड जिल्ह्यात अगदी त्याच दिवसांत भांबुर्ड्याचा पाला घालून, वालाच्या शेंगा भरून, मडके तसेच उलटे करून पोपटी लावतात. दोन भाषा, दोन प्रांत, पाला निराळा, आणि मडक्यातली शेंग तीच! पाण्याचा थेंब न घालता शेंग स्वतःच्या वाफेवर शिजते. पहिल्याने कोणी कोणाकडून घेतले, याचा वाद घालीत बसण्यापेक्षा दोन्ही खाऊन पाहणे श्रेयस्कर.

सुक्या वालाचे स्वयंपाकशास्त्र मात्र थट्टेचे नाही. सुक्या दाण्यात सुमारे एक चतुर्थांश प्रथिने असतात आणि भात वा भाकरीबरोबर ती एकमेकांची उणीव भरून काढतात. परंतु त्याच दाण्यात थोड्या प्रमाणात असे पदार्थ असतात की ज्यांतून विषारी सायनाइड निघू शकते. शिवाय प्रथिनांचे पचन अडविणारे द्रव्यही त्यात असते. म्हणून सुका वाल कच्चा चघळू नये. आपल्या आजीची रीत पाहा: वाल रात्रभर भिजवायचे, ते पाणी ओतून टाकायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून सालपटे काढायची आणि मग भरपूर शिजवून डाळिंब्यांची उसळ करायची. भिजविण्याने व पाणी टाकण्याने विषारी अंश कमी होतो, सालीबरोबर कडूपणा जातो, आणि उकळण्याने पचनास अडविणारे द्रव्य नाश पावते. रसायनशास्त्राचे नावही न घेता कित्येक पिढ्यांनी हे शोधून काढले. घाईच्या दिवसांत भिजविलेल्या पाण्यातच वाल शिजविण्याची चूक मात्र कोणी करू नये.

आता बियाणाकडे वळू. बी राखण्याची तयारी वेलावरच सुरू होते. मांडवावरील सर्वांत निरोगी भाग निवडून त्यावरील सुरुवातीच्या चांगल्या शेंगांना रंगीत चिंधी बांधावी आणि घरातील सर्वांस बजावून सांगावे, की या शेंगा भाजीच्या नव्हेत. उरलेल्या, किडक्या, हंगामअखेरच्या शेंगांचे बी धरण्याची रीत सर्वत्र आहे, आणि तीच जात खालावण्याचे कारण होय. चिंधीच्या शेंगा पूर्ण वाळल्या, की सकाळी दव असतानाच कात्रीने काढाव्या. दुपारी काढल्या तर फटकन् उकलून दाणे विखुरतात. त्या दोन-तीन दिवस पसरून वाळवाव्या, हाताने सोलाव्या, सुपाने पाखडाव्या, आणि सुरकुतलेले, डागी दाणे वेगळे करावे. मग दाणे पुन्हा वाळवावे. पुरते वाळले की नाही याची परीक्षा दातांनी करावी. दाण्यावर दात उमटला तर ओल आहे. दात न रुतता दाणा टक्कन् फुटला तर तो साठवणीस योग्य झाला.

ओल का मारक, हे हॅरिंग्टन या अमेरिकन बीजतज्ज्ञाने एका सोप्या नियमात सांगितले आहे: बियातील ओल शेकडा एकाने कमी झाली की त्याचे आयुष्य दुप्पट होते, त्याचप्रमाणे साठवणीची उष्णता ५ अंशांनी उतरली तरीही दुप्पट होते. हा नियम ढोबळ असून ठराविक मर्यादेतच लागू पडतो, पण त्यावरून हिशेब कळतो. सुरतेच्या दमट पावसाळ्यात उघड्या डब्यातील बी हवेतील ओल ओढून घेते आणि दोन वर्षांत निकामी होऊ शकते. तेच बी नीट वाळवून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, थंड जागी ठेवले तर कितीतरी अधिक टिकते. बरणीत भाजून गार केलेल्या तांदळांची पुरचुंडी ठेवावी. ती शिल्लक ओल शोषून घेते.

दुसरा शत्रू कडधान्याचा भुंगेरा. हा पिटुकला तपकिरी किडा डब्यात आपोआप उत्पन्न होतो असा समज आहे, तो खरा नव्हे. पुष्कळदा तो शेतातूनच येतो. मादी वाळत्या शेंगेवर वा दाण्यावर खसखशीहून लहान पांढरी अंडी चिकटवून ठेवते. एकेक मादी शंभरच्या आसपास अंडी घालते. अळी निघताच दाणा पोखरून आत शिरते, आतच वाढते, आणि उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांत गोल खिडकी पाडून पंखधारी होऊन बाहेर पडते. म्हणजे आपणास भोक दिसते तेव्हा चोर खाऊन पसार झालेला असतो. हे जाणले की जुन्या उपायांतील शहाणपण उमगते. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरील मेणचट थर खरवडतात आणि तो सुकून मरतो. शिवाय दाण्यांमधील फटी भरून निघाल्याने त्यास हिंडता येत नाही. गुजरातेत धान्याला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळतात. किलोमागे चहाचा एक चमचा तेल पुरते. तेलाच्या पातळ लेपाने अंड्यांस हवा मिळत नाही. आपल्याकडे कडधान्यास लाल मातीचा हात देऊन वाळविण्याची चाल आहे, तिचेही तत्त्व राखेसारखेच. कडुलिंबाचा पाला मदत करतो, पण नुसत्या पाल्यावर विसंबू नये. घरी गोठवणपेटी असेल तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे उत्तम वाळविलेले बी बंद बरणीत घालून आठवडाभर तीत ठेवणे. अंडी व अळ्या दोन्ही मरतात. ओलसर बी मात्र कदापि गोठवू नये, आतील पाण्याचे बर्फ होऊन अंकुर फुटतो. बरणी बाहेर काढल्यावर ती खोलीइतकी उबदार झाल्यावरच उघडावी, नाहीतर दाण्यांवर दव धरते.

बरणीवर जातीचे नाव, कोणाकडून मिळाले त्यांचे नाव, वर्ष आणि दाण्याचा रंग लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. सगळे बी एकाच वर्षी पेरून टाकू नये. निम्मे मागे ठेवावे, म्हणजे अतिवृष्टीने वा किडीने एक हंगाम बुडाला तरी जात बुडत नाही. आणि मूठभर शेजारच्या गल्लीत द्यावे, कारण आपली बरणी फुटली तर ते परत मागता येते.

जून उजाडला की पेरणीपूर्वी बियाची परीक्षा घ्यावी. दहा दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळावे, फडके ताटलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे, आणि सात दिवसांनी उघडावे. आठ किंवा अधिक अंकुरले तर एका आळ्यात नेहमीप्रमाणे तीन दाणे टोचावे. पाच-सहाच अंकुरले तर पाच टोचावे आणि त्या वर्षी भाजीसाठी कमी तोडून अधिक शेंगांना चिंधी बांधावी. दोन-तीनच अंकुरले तर फडक्यातील ती रोपेही टाकून न देता पिंपात हलक्या हाताने लावावी. नव्या बियाणाची सुरुवात त्यांच्यापासून होईल.